बुटक्या गाडीचा मोठा आवाज

"पीप!"

एवढाच आवाज आला. आमच्या डाव्या हाताला अठरा चाकांचा एक ट्रक होता आणि तो अगदी सावकाश आमच्याच पट्ट्यात सरकत होता. त्याची चाकं बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीला. दादाने पुन्हा हॉर्न दाबला. "पीप, पीप!" ट्रक आपला येतोच आहे! मग दादाने हॉर्नचा नाद सोडला, करकचून ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडच्या मोकळ्या पट्टीवर घेतली. ट्रकचं लांबलचक धूड आमच्यासमोरून निघून गेलं. शेजारी कुणी होतं, हे त्याच्या ड्रायव्हरला शेवटपर्यंत कळलंच नाही.

ही गोष्ट २०१९ च्या जून महिन्यातली. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात एडिसन नावाचं गाव आहे. होय, दिव्यांच्या एडिसनचंच नाव त्याला दिलंय. त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा तिथेच होती. माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, त्या गावात राहतो. त्याच्याकडे एक लाल रंगाची जुनी स्पोर्ट्स कार आहे, १९९३ सालची माझ्दा मियाटा. माझ्दा कंपनीने ही गाडी १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवली. दोनच माणसांची गाडी. छप्पर कापडाचं, ते मागे घडी करून टाकता येतं. दिवे लावले की ते बेडकाच्या डोळ्यांसारखे टपकन वर येतात. दादाची मुलगी अकरा वर्षांची. तिला घरात सगळे छोटी म्हणतात. छोटीचं म्हणणं, ही गाडी नाहीच, हे पाळलेलं जनावर आहे!

या गाडीची उंची साधारण १.२२ मीटर. आपली मारुती ८०० आठवते ना? ती १.४ मीटर उंच होती. म्हणजे ही मारुतीपेक्षाही जवळजवळ वीतभर बुटकी. पाचवीतला मुलगा शेजारी उभा राहिला तर त्याचं डोकं छपराच्या वर जाईल. अशी गाडी वळणावर छान चिकटून पळते, कारण तिचा गुरुत्वमध्य जमिनीच्या जवळ असतो. पण मोठ्या रस्त्यावर याच गुणाचा दोष होतो. ट्रकचा ड्रायव्हर वर माडीवर बसल्यासारखा बसलेला असतो. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात आणि ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्यामुळे ट्रकच्या उजव्या अंगाला त्याला न दिसणारा भला मोठा पट्टा असतो. त्या पट्ट्यात आमची गाडी शिरली की ती जणू अदृश्यच झाली. दिसत नाही म्हटल्यावर उरतो कान. आणि कानाशी बोलायला आमच्याकडे काय होतं, तर "पीप"!

घरी आल्यावर वहिनीने पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एक तर त्या गाडीला आवाज तरी द्या, नाहीतर ती विकून टाका."

गाडी विकण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा त्या शनिवारी आम्ही तिघं, म्हणजे दादा, छोटी आणि मी, हॉर्न आणायला निघालो.

आता तुम्ही म्हणाल, हॉर्नचं काय एवढं? आपल्याकडे रिक्षापासून एसटीपर्यंत सगळे दिवसभर तेच वाजवत असतात! खरंय. ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेलं वाचतच आपण मोठे झालो. शेवटी २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते लिहायलाच बंदी केली. पण न्यू जर्सीत आठ आठ दिवस हॉर्न ऐकू येत नाही. तिथे तो वाजला म्हणजे कुणावर तरी बेतलं असं समजायचं. म्हणून तर तो क्वचित वाजणारा हॉर्न वाजेल तेव्हा ऐकू जायलाच हवा.

दुकानात एक अख्खी भिंत हॉर्नची होती. छोटीची नजर सगळ्यात आधी गेली ती गाणं वाजवणाऱ्या हॉर्नवर. "बाबा, हा घेऊ या ना! ट्रकवाला हसत हसत बाजूला होईल!" दादा म्हणाला, "अगं, त्याला आधी कळायला नको का, की ही मोटार आहे, आइस्क्रीमवाला नाही?" न्यू जर्सीचा कायदा सांगतो की हॉर्न किमान दोनशे फुटांवर, म्हणजे सुमारे ६१ मीटरवर ऐकू गेला पाहिजे, पण तो अवाजवी मोठा किंवा कर्कश नको. शिट्टी, घंटा, भोंगा यांना तर मनाईच. आपल्याकडेही केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला ११९ क्रमांकाचा नियम एकामागून एक वेगवेगळे सूर काढणाऱ्या हॉर्नला मनाई करतो. आता आपले किती ट्रकवाले तो पाळतात, हे मी तुम्हाला सांगायला नको!

गाणं बाद झालं. उरले दोन प्रकार. एक साधा चकतीचा हॉर्न आणि दुसरा हवेचा.

चकतीचा हॉर्न कसा चालतो हे कळायला तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातली विजेची घंटा आठवा. आत एक विद्युतचुंबक आणि त्याच्यासमोर पातळ पोलादी पडदा. वीज सुरू झाली की चुंबक पडद्याला ओढतो. पण पडदा ओढला गेला की तोच विजेची जोडणी तोडतो. वीज गेली, चुंबक सैल पडला, पडदा मागे उसळला, जोडणी पुन्हा जुळली, पुन्हा ओढ. हा खेळ एका सेकंदात तीनशे, चारशे, पाचशे वेळा चालतो आणि आपल्याला ऐकू येतो सलग सूर. हवेच्या हॉर्नमध्ये विजेवर चालणारा छोटा पंप असतो. तो कर्ण्यात हवा फुंकतो, सनईवाला फुंकतो तशी.

हवेच्या हॉर्नच्या एका खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, '१३९ डेसिबल'. शेजारच्या चकतीच्या जोडीवर लिहिलं होतं '११८ डेसिबल, २ मीटरवर'. छोटी लगेच म्हणाली, "एकशे एकोणचाळीस मोठे!" मीसुद्धा तेच म्हणणार होतो. पण दादाने खोकं उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "किती अंतरावर मोजलंय ते लिहिलंय का कुठे?"

कुठेच नव्हतं.

दोस्तांनो, इथेच खरी मेख आहे. आवाज मोकळ्यावर पसरत जातो, आणि अंतर दुप्पट झालं की तो ६ डेसिबलने उतरतो. समजा, तो १३९ चा आकडा हॉर्नच्या तोंडापासून १० सेंटीमीटरवर मोजलेला असेल, तर २ मीटर म्हणजे त्याच्या वीसपट अंतर. वीसपटीला सुमारे २६ डेसिबल कमी होतात. उरले किती? ११३! म्हणजे ११८ वाला खरं तर मोठा. आकडा खोटा नसतो, पण कुठे उभं राहून मोजला हे न सांगता छापला तर त्याला काही अर्थ नाही. जत्रेत आपण खेळणं विकत घेतो ते विक्रेत्याच्या हातात फिरताना बघून. घरी आलं की ते फिरतच नाही, त्यातला हा प्रकार. छोटीने तिथल्या तिथे दुकानाच्या पावतीमागे गणित मांडून खात्री करून घेतली. दुकानदार आमच्याकडे जरा विचित्रच बघत होता.

आम्ही चकतीची जोडी घेतली. जर्मनीच्या हेला कंपनीची, एक ३०० हर्ट्झची आणि एक ५०० ची. जोडी कशाला? एकच सूर रस्त्याच्या घरघरीत बुडून जाऊ शकतो. दोन सूर एकत्र आले की आवाज भरदार होतो आणि कानाला वेगळा ओळखू येतो. तुमच्यापैकी कुणी पेटी शिकत असेल तर करून बघा. ३०० ला सा धरलं तर ५०० म्हणजे शुद्ध ध. कित्येक मोटारींमध्ये ४०० आणि ५०० च्या आसपासची जोडी असते, ती सा आणि शुद्ध ग. म्हणजे मोटारी रागावल्या तरी सुरातच रागावतात!

जाता जाता एक गंमत सांगतो. विजेच्या हॉर्नच्या गोष्टीतला एक मोठा भाग याच न्यू जर्सीत घडलाय. मिलर रीस हचिसन नावाच्या संशोधकाचा 'क्लॅक्सन' हा हॉर्न १९०८ साली नेवार्क शहरातल्या एका कारखान्याने बाजारात आणला. त्याचा आवाज 'आऽऽहूगाऽऽ' असा. जुन्या सिनेमांतल्या मोटारी तसाच आवाज काढतात बघा. याच हचिसनने त्याआधी बहिऱ्या माणसांसाठी विजेचं श्रवणयंत्र बनवलं होतं. लोक थट्टा करायचे, की हा आधी हॉर्नने माणसं बहिरी करतो आणि मग त्यांना यंत्र विकतो! पुढे तो चक्क एडिसनचा मुख्य अभियंता झाला.

असो. रविवारी सकाळी बोनेट उघडलं.

पहिला प्रश्न विजेचा. प्रत्येक हॉर्नवर ६६ वॉट लिहिलेलं. गाडीची वीज १२ व्होल्टची. ६६ भागिले १२ म्हणजे साडेपाच अँपिअर, आणि दोघांचे मिळून ११. जुन्या एकट्या हॉर्नसाठी घातलेली बारीक वायर आणि स्टिअरिंगवरचं बटण यांच्यावर एवढा भार टाकला तर वायर तापणार. त्यातून कित्येक गाड्यांमध्ये हॉर्न आणि मागचे ब्रेकचे दिवे एकाच फ्यूजवर असतात. म्हणजे बघा, तुम्ही संकटात हॉर्न दाबला, फ्यूज उडाला, आणि तुमच्या ब्रेकचे लाल दिवेही गेले! पुढच्याला ऐकू जाईना, मागच्याला दिसेना. जोरदार हॉर्न घाईघाईने लावणारे लोक इथेच फसतात.

यावर उपाय म्हणजे रिले. रिले ही काडेपेटीपेक्षा लहान डबी. तिच्यातही एक विद्युतचुंबकच असतो. बटणाची थोडीशी वीज त्या चुंबकाला मिळते, तो एक मोठा स्विच ओढतो, आणि बॅटरीची जाड वायर हॉर्नला जोडली जाते. पाटलांनी नुसती मान हलवावी आणि गड्याने पोतं उचलावं, तसं. डबीला चार पाय असतात आणि त्यांचे आकडे ठरलेले: ८५ आणि ८६ चुंबकाचे, ३० बॅटरीकडून येणारा, ८७ हॉर्नकडे जाणारा. जगातल्या बहुतेक मोटारींमध्ये हेच आकडे सापडतील. छोटीने ते पाठ करून टाकले. जुन्या हॉर्नच्या वायरी आता रिलेच्या ८५ आणि ८६ ला गेल्या. ३० च्या वायरीत आम्ही वेगळा १५ अँपिअरचा फ्यूज घातला, तोही वीज जिथून घेतली तिथे अगदी जवळ. मध्ये कुठे वायर घासून उघडी पडली तर आग लागायच्या आत फ्यूज जावा म्हणून.

हे सगळं करण्याआधी बॅटरीचं ऋण टोक सोडवून ठेवलं होतं. छोटी बोनेटखाली बॅटरी शोधत बसली. सापडेना! शेवटी दादाने हसत हसत डिकी उघडली. मियाटाची बॅटरी मागे डिकीत असते. जाड वायर तिथून पुढे बोनेटखालच्या मुख्य फ्यूजच्या डबीपर्यंत येते. बरं झालं, नाहीतर आम्हाला वायर गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढावी लागली असती.

दुसरा प्रश्न जागेचा, आणि बुटक्या गाडीत हाच खरा डोकेदुखीचा. नाक जमिनीलगत. त्यातल्या बहुतेक जागेवर रेडिएटरचा हक्क. त्याच्या तोंडासमोर हॉर्न ठेवला तर वारा अडणार आणि इंजिन तापणार. फार खाली लावला तर गतिरोधकावर घासेल, दगड लागतील, पावसाचं पाणी उडेल. फार आत लावला तर आवाज इंजिनातच घुमत राहील. आम्ही दोन तास नुसते पुठ्ठ्याच्या चकत्या कापून इकडे तिकडे धरून बघत होतो. शेवटी बंपरच्या मागे, रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना, पत्र्याच्या सांगाड्यावर एकेक जागा सापडली. प्लॅस्टिकच्या बंपरला हॉर्न लावायचा नसतो, तो थरथरून सुटतो. हॉर्नबरोबर पोलादाची लवचिक पट्टी येते, तिच्यावरच तो टांगायचा आणि दुसऱ्या कशाला टेकू द्यायचा नाही. टेकला की आवाज दबतो. झांज हाताने धरून वाजवून बघा म्हणजे कळेल. तोंड पुढे आणि थोडं खाली, म्हणजे पाणी आत साचत नाही.

चार वाजता सगळं जोडून झालं. दादा ऐटीत आत बसला. "तयार?" मी आणि छोटीने कान झाकले.

"घुंऽऽ."

म्हातारा बैल हंबरावा तसा आवाज. आमचे चेहरे पडले. वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "आधीचाच बरा होता की!"

मी मल्टिमीटर काढला. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट. दादा हॉर्न दाबत असताना हॉर्नच्या दोन टोकांवर मोजले तर जेमतेम आठ. साडेचार व्होल्ट कुठे गेले? आम्ही रिले तपासला, फ्यूज तपासला, वायरी ओढून पाहिल्या. सगळं ठीक. तेव्हा छोटी म्हणाली, "काका, तुम्ही ती काळी वायर लाल रंगावर का लावलीत?"

चूक सर्वस्वी माझी. मोटारीत विजेची परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्राच असतो. तिथे वायर जोडायची ती उघड्या धातूला. मी ती बोल्टखाली घातली खरी, पण बोल्टखालचा रंग खरवडायचं विसरलो होतो. रंगातून वीज जात नाही. जी काही थोडी जात होती ती बोल्टच्या आट्यांमधून कशीबशी. वीस वर्षं विजेची कामं करणाऱ्या माणसाला अकरा वर्षांच्या मुलीने पकडलं! पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा चकचकीत केली, वायर घट्ट आवळली आणि गंज चढू नये म्हणून वर ग्रीस फासलं.

या वेळी कान झाकूनसुद्धा मी दोन पावलं मागे सरलो. समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. दादाने खिडकीतून शेजाऱ्यांना हात जोडले.

खरी परीक्षा मात्र बाकी होती. त्यासाठी एका बंद कचेरीचं रिकामं आवार सकाळीच हेरून ठेवलं होतं, आणि जुना हॉर्न काढण्यापूर्वी तिथे त्याची चाचणीही घेतली होती. वहिनीच्या मोठ्या गाडीत मी काचा बंद करून, एसी आणि रेडिओ लावून बसलेलो. दादाची गाडी ६४ मीटरवर. हा आकडा छोटीचा: २ चे ४, ८, १६, ३२, ६४, म्हणजे पाच वेळा दुप्पट, तीस डेसिबल वजा. सकाळी जुना हॉर्न वाजलेला मला कळलाही नव्हता. छोटीने हात हलवून खूण केली तेव्हा समजलं. संध्याकाळी नवा वाजला. गणिताप्रमाणे माझ्या गाडीबाहेर ८८ डेसिबल यायला हवे होते. तेवढे आले की नाही, हे मोजायला आमच्याकडे यंत्र नव्हतं. पण काचा बंद, रेडिओ चालू, आणि तरी माझी मान आपोआप वळली. आम्हाला हवं होतं ते एवढंच.

एक गोष्ट मात्र नक्की करू नका. असा हॉर्न वाजत असताना त्याच्या तोंडाशी कान नेऊ नका, बंद गॅरेजमध्ये वाजवू नका. शंभराच्या पुढचे डेसिबल कानाच्या आतल्या नाजूक पेशींना इजा करतात, आणि त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

परत येताना मी दादाला विचारलं, "आता ट्रकची भीती नाही ना?" तो म्हणाला, "आहे तर! ताशी शंभर किलोमीटरने जाताना गाडी सेकंदाला अठ्ठावीस मीटर कापते. हॉर्न ऐकून माणसाने काही करायचं म्हटलं तरी एखादा सेकंद जातोच. तोवर ब्रेक मलाच लावायचाय." तेव्हापासून तो ट्रकच्या शेजारी रेंगाळतच नाही. ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसलं नाही तर आपण त्याला दिसत नाही, हे धरून तो एक तर मागे राहतो नाहीतर झटकन पुढे निघून जातो.

त्या वर्षी दिवाळीला दादाचा फोन आला. पाच महिन्यांत हॉर्न दोनदाच वाजला म्हणाला. एकदा दुकानासमोर एक उंच पिकअप ट्रक मागे न बघता त्यांच्या अंगावर येत होता. हॉर्न वाजताच तो हातभर अंतरावर जागच्या जागी थांबला, आणि ड्रायव्हर खाली उतरून कितीतरी वेळ माफी मागत होता. छोटी त्या वेळी गाडीत होती.

"आणि दुसऱ्यांदा?" मी विचारलं.

दुसऱ्यांदा रस्त्यात कॅनडा गीज उभे होते. हे तिकडचे हंस, त्या भागात जिथे तिथे असतात आणि रस्ता आपल्याच मालकीचा समजतात. दादाने सगळा जोर लावून हॉर्न दाबला. सा आणि ध, दोन्ही सूर घुमले. हंसांनी माना वर करून जरा वेळ ऐकलं, आणि परत गवत खायला लागले.